ठिपकीच्या खोलीची भिंत

सून: ब्रश खाली ठेवा, बाबा. आज रंग लावायचा नाही.

सासरे: आज नाही तर कधी? रविवारी ठिपकीचा वाढदिवस. दोन हात मारायचे, मध्ये एक दिवस वाळायला हवा. दिवस तूच मोज, तू शिकलेली आहेस.

सून: ठिपकी रविवारी मावशीकडेच असणार आहे. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या आठवतंय ना? आधी खोली बरी करा, मग पोरीला तिथे झोपवा.

सासरे: मग मी दुसरं काय करतोय? खोली बरी करायची म्हणजे रंगवायची. बेचाळीस वर्षं लोकांची घरं बरी केली या हातांनी. आजोबा रंगारी असताना नातीची खोली सातव्या वाढदिवसाला जुन्या रंगात? लोक शेण घालतील तोंडात.

सून: बाबा, ऐका तरी...

सासरे: यंदा तिने आकाशी सांगितलाय. फोनवर म्हणाली, आजोबा, ढगांच्या मागचा असतो तसला. आता ढगांच्या मागचा रंग मिसळायला मला दीड तास लागला. बघ हा, जमलाय की नाही?

सून: जमलाय. तुमच्याइतकं कुणालाच जमत नाही, हे मी कायम सांगते. पण तरी झाकण लावा.

सासरे: आणि हे कपाट कुणी सरकवलं? अगं, हे काय? माझ्या भिंतीवर चिकटपट्टी?

सून: हात लावू नका! प्लॅस्टिकची पन्नी आहे ती. परवा लावली, तुम्ही ठिपकीला भेटायला गेला होतात तेव्हा. चारी बाजूंनी पट्टी मारून घट्ट बंद केलीय. दोन दिवस तशीच ठेवायची, मग बघायचं पाणी कुठल्या अंगाला धरलंय. खोलीच्या बाजूला धरलं तर ओल हवेतली. भिंतीच्या बाजूला धरलं तर ओल भिंतीतली.

सासरे: तू पाणी तपासणारी बाई, ते ठीक. कचेरीत लोकांच्या विहिरी तपास, नळ तपास. माझ्या भिंतीत कसलं पाणी सापडणार तुला? आरशासारखी भिंत आहे. हात फिरव, घसरतो.

सून: हात घसरतो, पण नाकाचं काय? कपाट सरकवलं तर मागे काळी बुरशी निघाली. ही बघा, पंजाएवढी.

सासरे: कपाटामागे होतंच थोडंफार. पुसून काढू.

सून: चार वेळा पुसली. बाबा, माझ्या वहीत लिहिलंय सगळं. इथे असताना ठिपकी एक रात्र सलग झोपली नाही. उठून बसायची, खांदे वर करून श्वास ओढायची. मावशीकडे जाऊन बेचाळीस दिवस झाले. तिथे दोनदा खोकली. दोनदा! तेही आइस्क्रीम खाऊन.

सासरे: मावशीचं घर उंचावर आहे. वारा असतो.

सून: तुमच्या मुलाचंही तेच म्हणणं आहे. म्हणून त्याने तिकडचं भाड्याचं घर बघितलंय. रविवारपर्यंत हो-नाही सांगायचंय.

सासरे: मला कुणी बोललं नाही.

सून: त्याच्या तोंडून निघत नाहीये. तुम्ही हे घर सोडून येणार नाही, हे त्याला माहीत आहे. आणि पोरीला इथे आणायचं धाडस मला नाही. म्हणून म्हटलं, पळून जाण्याआधी एकदा नीट बघू तरी.

सासरे: म्हणजे या भिंतीवर सगळं अडलंय.

सून: हो.

सासरे: काढ ती पन्नी.

सून: तुम्ही धरा खालचं टोक. हळू. आता हात फिरवा. खोलीच्या बाजूला?

सासरे: कोरडी.

सून: आणि आतल्या बाजूला?

सासरे: थेंब आहेत. अगं, घामच फुटलाय की हिला.

सून: भिंतीतलं पाणी आहे, बाबा.

सासरे: दार कोण वाजवतंय?

सून: मीच बोलावलंय. तुमचे गवंडी मित्र.

सासरे: त्याला? त्याच्या वाकड्या भिंती सरळ दाखवण्यात माझा जन्म गेला, आणि आता तो माझ्या भिंतीला नावं ठेवणार?

गवंडी: ऐकलं बरं का मी, रंगाऱ्या! दारातून ऐकू आलं. आणि खोटं नाही बोलत तो, पोरी. एका शाळेची भिंत मी बोटभर बाहेर नेली होती. याने दोन छटा अशा लावल्या की तपासायला आलेला साहेब ओळंबा खिशात घालून निघून गेला. गवंडी चुकला की रंगारी झाकतो. आमच्या धंद्यात हे असंच चालतं.

सून: आणि रंगारी चुकला तर, काका?

गवंडी: तर मग गवंड्याला बोलावतात. कुठेय भिंत? ही होय? थांबा, बोलू नका. ऐका आता. इथे वाजवतो... टणक आहे. इथे, कमरेच्या खाली... ऐकलंत? भद्द! फुगलेल्या पोटासारखं वाजतंय. वरचं तावदान का बंद?

सून: उघडत नाही ते. मी लग्न होऊन आले तेव्हा उघडायचं.

गवंडी: रंगानं चिकटवलंय याने. रंगाऱ्या, दरवर्षी हात मारतोस, दर हाताला एकदा उघडझाप करायला नको? भिंतीला कान असतात म्हणतात, तशी नाकंही असतात बाबा. तू भिंतीचं नाक बुजवलंस, खिडकीचं बुजवलंस, आणि मग म्हणतोस, पोरीला श्वास का लागतो.

सासरे: जरा सांभाळून बोल. ती माझी नात आहे.

गवंडी: म्हणूनच बोलतोय. दे ती थापी. जरा कोपरा उकरतो.

सासरे: उकर. पण कड धरून. उगाच ढलपे पाडू नकोस.

गवंडी: अरे वा! पोरी, इकडे ये, बघ. थर बघ कसे निघतायत. हा निळा.

सासरे: गेल्या वर्षीचा.

गवंडी: हा पिवळा.

सासरे: पाचव्या वाढदिवसाचा. लिंबाचा पिवळा नाही म्हणाली, सूर्यफुलाचा हवा.

गवंडी: पोपटी. मग जांभळा. मग गुलाबी. तळाला केशरी. सहा वर्षं, सहा रंग. बाकी रंगाऱ्या, मानलं तुला. एक थर दुसऱ्यात मिसळलेला नाही, कागदावर कागद ठेवावा तसा. पण हे मध्ये मध्ये चंदेरी काय आहे?

सासरे: अस्तर आहे.

गवंडी: निळ्याखाली चंदेरी. पिवळ्याखाली चंदेरी. पोपट्याखाली, जांभळ्याखाली. पण गुलाबीखाली नाही, केशरीखाली नाही. अस्तर असतं तर सगळ्यांखाली असतं. आणि हे सगळ्या भिंतीला नाही, एवढ्याच पट्ट्याला आहे, कमरेपर्यंत. अरे, मी काय आज जन्मलो? चंदेरी कशावर मारतात मला माहीत नाही?

सून: कशावर मारतात, काका?

गवंडी: ओलीच्या डागावर, पोरी. डाग वर उमटू नये म्हणून. चार वर्षं मारलाय.

सून: बाबा? तुम्हाला माहीत होतं?

गवंडी: मी जरा बाहेरून भिंत बघून येतो.

सासरे: तू कुठे जाऊ नकोस. बाहेर काय आहे, मलाही ठाऊक आहे. माझ्या तोंडून ऐकायचंय का तुला?

सून: मला ऐकायचंय. मी सहा महिने उशा उकळत्या पाण्यात घालतेय. पडदे काढले, गालिचा देऊन टाकला, तिची कापसाची बाहुली सुद्धा बंद डब्यात ठेवली आणि ती रडरड रडली. फवारणीवाल्याला घरात पाय ठेवू दिला नाही, फरशी पुसायला नुसतं साबणाचं पाणी वापरलं. आणि तुम्ही डाग झाकत होतात?

गवंडी: दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला.

सून: काका, प्लीज.

गवंडी: गप्प बसतो.

सासरे: ओल माहीत होती, सूनबाई. खोकला तिच्यामुळे आहे, हे माहीत नव्हतं. शप्पथ घेऊन सांगतो. ओलीने रंग खराब होतो एवढंच मी जन्मभर शिकलो. माणूस खराब होतो, हे मला कुणी शिकवलं नाही.

सून: पण सांगितलं का नाहीत? चार वर्षं!

सासरे: भिंतीच्या पलीकडे काय आहे?

सून: पलीकडे? पलीकडे माझा वाफा आहे.

सासरे: तेच.

सून: वाफ्याचं काय?

गवंडी: आता मी बोलू का? बोलतो. येतानाच बघितलं मी. वाफा झकास आहे, पोरी. घरातली सालं, देठं, सुकलेली पानं, सगळं जिरवून माती केलीस ना? लोण्यासारखी माती. पण ती चढली किती? जोत्याच्या वर दोन वीत. घर ज्या दगडी जोत्यावर उभं आहे, त्याच्या खाली माती राहिली पाहिजे, म्हणजे ओल खालच्या खाली जाते. तुझी माती वर चढून थेट भिंतीला टेकलीय. आणि रोज पाणी. भिंत पितेय. आतून याने तेलरंग फासलाय, मग प्यालेलं पाणी जाणार कुठे?

सून: म्हणजे माझ्यामुळे.

गवंडी: वाफा एकटा असता तर भिंत पाणी प्याली असती आणि आत सोडून दिलं असतं, डाग दिसला असता, तू वाफा हलवला असतास. रंग एकटा असता तर नुसती आरशासारखी भिंत. तुम्ही दोघांनी मिळून केलंय हे. बाहेरून तू, आतून हा.

सून: आणि मी सगळ्यांना सांगत फिरते, आमच्या घरातून कचऱ्याची एक पिशवी बाहेर जात नाही. बाबा, तुम्ही पहिल्याच वर्षी का नाही म्हणालात, तुझा वाफा हलव म्हणून? मी हलवला असता. एका दिवसात हलवला असता.

सासरे: तुला आठवत नसेल. ठिपकी झाली, आणि तू पाच-सहा महिने कुणाशी धड बोलत नव्हतीस. पोरीला पाजायचीस, परत भिंतीकडे तोंड करून पडायचीस. माझा मुलगा रडायचा, मला दिसायचं. मी तेव्हा ही खोली घासत होतो, पहिल्या वाढदिवसासाठी. खिडकीतून बघतो तर तू बाहेर. तिथे तेव्हा विटांचा चुरा आणि मोडकी मोरी पडलेली. तू एकटी घमेल्याने चुरा उचलत होतीस. दुसऱ्या दिवशी परत. मग माती आणलीस. मग कसलं तरी बी. एक दिवस मी खिडकीची चौकट रंगवत होतो आणि तू वाफ्यात गुणगुणत होतीस. माझा ब्रश तसाच हातात राहिला. रंग ठिबकत होता, तरी मी हललो नाही. म्हटलं, आली माझी सून परत.

सून: बाबा...

सासरे: नंतर डाग दिसला. मला लगेच कळलं कुठून येतोय. तुला सांगायला दोनदा बाहेर आलो. दोन्ही वेळा तू मला एक टोमॅटो दिलास आणि म्हणालीस, बघा, किती गोड. काय बोलणार मी? तोंडाने सांगता येईना. हाताने झाकता येत होतं, ते केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं वाटलं.

गवंडी: मूठ ठीक आहे रे. ओल झाकली की तिला बुरशी फुटते.

सासरे: आता तू शहाणपण शिकव.

सून: मला राग आलाय, बाबा. खूप आलाय. आणि त्याच वेळी... मला माहीत नव्हतं तुम्ही तेव्हा खिडकीत होतात. मला वाटायचं, त्या दिवसांत मी कुणाला दिसतच नव्हते.

सासरे: मला रोज दिसत होतीस.

सून: थांबा, मला डोळे पुसू द्या. काका, भिंत बरी होईल का? खरं सांगा. उगाच धीर देऊ नका.

गवंडी: होईल. पण तिला वेळ द्यावा लागेल. वाफा भिंतीपासून चार हात लांब न्यायचा. माती उपसून जोत्याच्या खाली आणायची, तिथे खडी भरायची, पाण्याला उतार काढायचा. आतून रंग पूर्ण खरवडायचा, चारी भिंतींचा. ओला गिलावा कमरेपर्यंत पाडायचा. मग काही करायचं नाही. नुसती वाळू द्यायची. वरचं तावदान उघडं. मग चुन्याचा गिलावा, वर चुन्याचीच सफेदी. चुना पाणी धरून ठेवत नाही, घेतो आणि सोडतो. दोन महिने धरा.

सून: दोन महिन्यांत नाही वाळली तर?

गवंडी: तर तू फोनवर सांगितलंस ते भाड्याचं घर घ्या. पोरीपेक्षा भिंत मोठी नाही.

सून: मी नवऱ्याला सांगते. त्या घरमालकाकडून दोन महिने मागून घेते. बाबा, चालेल ना?

सासरे: मला कसलं विचारतेस! पण एक. खरवडायला माणूस आणायचा नाही. हा रंग माझा आहे, मीच काढणार.

सून: चार भिंती? सत्तराव्या वर्षी?

सासरे: चढवताना कुणी वय विचारलं नाही.

गवंडी: काढू दे त्याला, पोरी. दुसऱ्याने काढला तर तो बाजूला उभा राहून शिव्या घालेल, त्यापेक्षा हे बरं.

सून: मग माझ्याही अटी आहेत. कोरडं घासायचं नाही, पाणी मारून ओलं करून खरवडायचं. जुन्या रंगाची धूळ वाईट असते. खोलीचं दार बंद. नाकातोंडावर मास्क, फडकं नाही, मास्क. संध्याकाळी ते कपडे घरात फिरवायचे नाहीत.

सासरे: बेचाळीस वर्षांत मी कधी मास्क लावला नाही.

सून: म्हणूनच तुम्ही जिना चढताना तीनदा थांबता. मोजलंय मी.

गवंडी: घे! ही तुझीही पन्नी लावून बघणार एक दिवस.

सासरे: आण तो मास्क. आणि हा आकाशी डबा कुणाला तरी देऊन टाक. बाहेरच्या फाटकाला लावू दे म्हणावं. लोखंडाला श्वास लागत नाही.

(दोन महिने आणि चार दिवसांनंतर. सकाळ. तीच खोली, पांढऱ्या भिंती, वरचं तावदान उघडं.)

गवंडी: पन्नी परत लावली होतीस म्हणे?

सून: तीनदा. तीन जागी. गेल्या महिन्यात आतल्या बाजूला दोन-चार थेंब होते. मागच्या पंधरवड्यात काही नाही. तेव्हाच ठिपकीला आणलं. बारा रात्री झाल्या, काका.

गवंडी: आणि?

सून: पहिल्या रात्री एकदा खोकली. मी आणि तिचे बाबा उठून बसलो, आता काय होतंय म्हणून. ती कूस बदलून झोपली. नंतरच्या अकरा रात्री काहीच नाही. आता शाळेत गेलीय, पळत गेलीय. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि म्हणाल्या, घर बदललंत का? म्हटलं, नाही, घर तेच आहे.

गवंडी: आणि ते भाड्याचं?

सून: नवऱ्याने काल नाही म्हणून सांगितलं. सांगून आला आणि थेट बाबांजवळ जाऊन बसला. दोघं भिंतीवर हात फिरवत बसले. बापलेक तसलेच.

गवंडी: भिंत बाकी सुरेख झालीय. हात फिरवला की जरा खरखरते, पण थंड वाटतं. नाक लावून बघ, कसलाच वास नाही. मी तुला एक सांगतो, पोरी. मी पुष्कळ घरं बघितली. ओल निघाली की आधी भांडणं निघतात. तू केलंस, त्याने केलं. भिंत वाळते, माणसं ओलीच राहतात. तुमच्याकडे मी उलटं बघितलं.

सून: ते बाबांमुळे. तुम्ही त्यांना खरवडताना बघितलं नाहीत. वीस दिवस. सकाळी मास्क चढवायचे आणि आत जायचे. मला वाटलं, वाईट वाटत असेल, सहा वर्षांचं काम उतरवायचं म्हणजे. मी एकदा दार ढकलून बघितलं, तर जमिनीवर बसले होते आणि सगळ्या रंगांचे ढलपे रंगांप्रमाणे वेगळे करत होते. म्हटलं, बाबा, आठवण म्हणून ठेवायचेत का? तर म्हणाले, छे, कुठला थर किती जाड गेला ते बघतोय, जांभळा मी फार जाड मारला होता. म्हणजे चूक मान्य केली, आणि वर तिचा अभ्यास सुद्धा केला! या वयात! मी तर कचेरीत सगळ्यांना सांगितलं.

सासरे: काय सांगितलं कचेरीत? माझं नाव ऐकलं मी.

सून: तुमची बदनामी केली. बसा, चहा ओततेय.

गवंडी: तुझी सून तुझं कौतुक करतेय, रंगाऱ्या. ऐकून घे. असे दिवस रोज येत नाहीत.

सासरे: कौतुक तिचं करा. मी बेचाळीस वर्षं भिंतीकडे बघितलं आणि मला रंग दिसला. तिने एक पन्नी लावली आणि तिला पाणी दिसलं. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्यांना मी आता काय सांगतो माहितीये? आधी भिंतीला विचारा, मग डबा उघडा. ऐकतात आणि हसतात. हसू देत.

गवंडी: आणि नात काय म्हणाली? पांढरी भिंत चालली तिला? तिचा ढगामागचा आकाशी?

सासरे: आली, चारी भिंतींकडे बघितलं आणि म्हणाली, आजोबा, तुम्ही रंग लावायला विसरलात. म्हटलं, हो, विसरलो. मग म्हणाली, बरं झालं, आता मीच ठरवते कुठे काय. कागदावर काढून काढून चिकटवतेय. तो कोपऱ्यातला घोडा आहे म्हणे. मला तर बाकडं वाटलं.

गवंडी: चहा झकास झालाय. निघतो मी. एका ठिकाणी ओळंबा लावायचाय, आज तू नाहीस ना झाकायला.

सून: काका, वाफ्यातली भेंडी घेऊन जा. पिशवी दारात ठेवलीय. चार हात लांब नेलेला वाफा आहे, बिनधास्त खा.

गवंडी: घेतो. येतो रे, रंगाऱ्या.

सासरे: ये. सूनबाई, तुझा चहा झाला?

सून: होतोय. का, बाबा?

सासरे: झाला की जरा स्वयंपाकघरात ये. ओट्याखाली, नळाच्या मागे. एक डाग आहे, तुला दाखवायचाय.